विरजणाची माती

अक्का, परवा तुझ्या शोकसभेत माझा सत्कार झाला.

तू असतीस तर हसली असतीस. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. नर्सरीवाल्यांच्या संघानं सोलापूर रस्त्याच्या कडेला त्यांच्या शेडमध्ये सभा ठेवली होती. तुझा तो आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता, त्याला झेंडूचा हार, पुढं चाळीसेक खुर्च्या. सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आज आपल्यामध्ये विरजण-मातीच्या शोधकर्त्या मॅडम उपस्थित आहेत. हौसाबाईंच्या त्या धाकट्या भगिनी. शाल आणि श्रीफळ देऊन आपण त्यांचा..." पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "अहो, शोकसभा आहे." सूत्रसंचालक म्हणाले, "हो, पण शाल आणून ठेवलीय."

आणि मी उठले. शाल अंगावर घेतली, नारळ हातात घेतला. मग तुझ्याबद्दल चार वाक्यं बोलले. हौसाअक्का फार कष्टाळू होती, तिच्या हातची रोपं कधी वाया गेली नाहीत, वगैरे. सगळ्यांनी माना हलवल्या. खाली बसताना तुझ्या फोटोकडं बघायचं मी टाळलं.

निघताना संघाच्या मासिकाचे संपादक जवळ आले. "मॅडम, अक्कांवर दोन पानं द्या ना. तुमच्या संशोधनात त्यांनी तुम्हाला कशी साथ दिली, असं काहीतरी."

साथ! तो शब्द घेऊन मी रिक्षानं घरी आले. दोन पानांत हे बसणार नाही, असं त्यांना फोनवर कळवलंय. एक शब्द कापायचा नाही, हेही कळवलंय. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं आम्ही कधी कापतो का?" तेच तर दुखणं आहे. माझं कुणी कधी कापलं नाही.

तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांत नवी मंडळी आहेत म्हणून आधी ती माती सांगते. लिंबू-मोसंबीच्या रोपांसाठी नवा गादीवाफा केला की बी टाकायच्या आधी तू फळावर असलेल्या जुन्या मोसंबीच्या झाडाखालची माती आणायचीस. वरची नाही, वीतभर खालची, बारीक तंतुमुळांसकट. घमेल्यात घ्यायची, ओल्या गोणपाटानं झाकायची, ऊन लागू द्यायचं नाही आणि त्याच दिवशी वाफ्यात मुठीमुठीनं मिसळायची. दुधाला विरजण लावतात तशी. म्हणून विरजण. "झाड जितं पायजे," तू म्हणायचीस. "मेल्या झाडाखाली मेलेलीच माती." आणि लगेच पुढं, "सासूबाई म्हणायच्या."

नगरकडं तुझ्या सासरी मोसंबीच्या बागा होत्या. तीन वर्षं नांदलीस. मूल झालं नाही म्हणून याच सासूबाईंनी तुला आणून आपल्या आबांच्या दारात सोडलं आणि पाण्याचा पेलासुद्धा न घेता त्या आल्या पावली परत गेल्या. तेव्हा मी सातवीत होते. आबा ओट्यावर बसून राहिले होते आणि तू ट्रंक उचलून सरळ आत आली होतीस. चौथ्या दिवशी तू मळ्यात फावडं धरलंस. नर्सरी आबांच्या नावावर होती, पण त्या दिवसापासून ती तू चालवलीस. आणि दर वर्षी, दर वाफ्याला, मुठीतनं माती सोडताना तू ते म्हणायचीस: "सासूबाई म्हणायच्या."

मला संताप यायचा. एकदा मी म्हणाले, "तिचं काय कौतुक लावलंयस? हाकलून दिलं तिनं तुला."

"दिलं की. मग?"

"मग तिला कशाला मधे आणतेस?"

"माती तिची हाय, शैले. मानूस वायलं, माती वायली."

मी तेव्हा पोरसवदा होते. मला वाटलं, ही बाई मूर्ख आहे.

मी मॅट्रिक झाले आणि आबांनी माझ्यासाठी मांजरी गावचं एक स्थळ बघायला घेतलं. तू चुलीपुढं बसली होतीस. मागं वळूनही न बघता म्हणालीस, "एक परत आलीय. तेवढी पुरं. हिला शिकू द्या." आबांनी पुन्हा स्थळाचं नाव काढलं नाही. मी आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर झाले, बाई असून शेतकी शाखेची. हे मी आजही मान वर करून सांगते आणि सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही. पण ती पदवी ज्या वाक्यावर उभी आहे ते वाक्य तुझं आहे, आणि ते तुला तुझ्याच बेअब्रूचं भांडवल करून बोलावं लागलं. ते कुठल्याही भाषणात मी सांगितलेलं नाही. आईवडिलांचे आशीर्वाद, गुरुजनांचं मार्गदर्शन, एवढंच सांगत आले.

शेवटच्या वर्षाला मी फॉर्मॅलिन घेऊन घरी आले. आदल्या साली आपल्या वाफ्यांत रोपांनी माना टाकल्या होत्या, उगवून चार पानांवर आली की बुंध्याशी कुजून आडवी. ते बुरशीचं काम, आणि फॉर्मॅलिननं माती धुतली की बुरशी मरते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तू विहिरीजवळ उभी होतीस, नाकाला पदर लावून.

"डोळ्यांतनं पानी काढतंय हे. मातीचं काय हुईल?"

"मातीतली बुरशी मरेल."

"समदी?"

"सगळी."

"चांगली बी?"

"बुरशीत चांगली-वाईट असं नसतं, अक्का. बुरशी म्हणजे रोग."

हे मी बोलले. पुस्तकात मुळांशी राहणाऱ्या बुरशीवर चार ओळी होत्या, पण त्या पाइनच्या झाडांबद्दल. हडपसरला पाइन कुठं आलाय, म्हणून मी ते पान उलटून टाकलं होतं. आणि एवढ्यावर न थांबता तुझ्या घमेल्याकडं बोट दाखवून म्हणाले, "आणि ही घाण आणून पुन्हा टाकायची नाही त्यात. सगळ्यावर पाणी पडेल. अडाणीपणा बंद."

तू आबांकडं बघितलंस. आबा म्हणाले, "ती शिकलीय. ती म्हणती तसं कर."

आठ-नऊ वर्षं वाफे तू केलेस. मी सुट्टीत झारीनं पाणी घालायला यायचे, तेही कंटाळून. पण आबा म्हणाले, ती शिकलीय. तू घमेलं उपडं ठेवलंस आणि माती धुवायला मला मदत केलीस. भिजवलेली गोणपाटं अंथरलीस, आठ दिवसांनी काढलीस, वास जावा म्हणून वाफे खालीवर केलेस. चुकूनसुद्धा हलगर्जी केली नाहीस. त्या वेळी मला तो माझा विजय वाटला होता.

आणि महिनाभर तो होताही! जंबेरीचं, म्हणजे ज्याच्या खुंटावर मोसंबीचं कलम करतात त्या लिंबाचं, बी असं उगवलं की एका रोपानं मान टाकली नाही. मी वर्गातल्या दोघा-तिघांना बघायला घेऊन आले. तू सगळ्यांना चहा दिलास. मग रोपं थांबली. बोटभर झाली आणि तिथंच उभी राहिली, पानं बारकी, पिवळट, नुसती जीव धरून. मी युरिया दिला. पाणी वाढवलं, मग कमी केलं. पाऊस सरला, दिवाळी आली, रोपं बोटभरच. खुंटावर कलमाचा डोळा भरायला पेन्सिलीएवढी जाडी लागते, आपली रोपं काडेपेटीतल्या काडीएवढी.

गिऱ्हाईकं यायला लागली. यवतचे एक बागाईतदार दारात उभे राहून आबांना विचारत होते, "औंदा काय झालं वो?" आबा म्हणाले, "हौसानं पाण्याकडं ध्यान दिलं न्हाई."

मी आत होते, दाराला पाठ लावून. हातात वही होती. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. तू परसात भांडी घासत होतीस, आणि भांड्यांचा आवाज तेवढ्यापुरता थांबला, म्हणजे तूही ऐकलंस. मग आवाज पुन्हा सुरू झाला. दुपारी तू मला नेहमीसारखी भाकरी वाढलीस. मी "अक्का..." म्हटलं तर म्हणालीस, "जेव गप."

दोन दिवसांनी मी विहिरीकडच्या टोकाला गेले. सगळ्या वाफ्यांत शेवटची एकच ओळ गुडघ्याला लागत होती, काळीभोर हिरवी. मी तुला हाक मारली. "इथं काय घातलंस?"

"काय न्हाई," तू म्हणालीस. "अडाणीपना."

अक्का, हे असलं बोलणं तू कुठं शिकलीस? आम्हा शहरात शिकलेल्यांना वाटतं की खवचटपणा पेठांमध्येच पिकतो.

पुढं मला संशोधन केंद्रात नोकरी लागली, तिथं हाताखाली चांगला सूक्ष्मदर्शक मिळाला, आणि परदेशातनं येणाऱ्या मासिकांत मुळांतल्या बुरशीवर लेख दिसायला लागले. ते वाचताना माझे कान तापायचे. एका सोमवारी मी येताना तुझ्या वाफ्यातली दोन रोपं उपटून आणली. मुळं दाहक सोड्यात उकळली, निळ्या रंगात बुडवली आणि काचपट्टीवर घेतली. मुळाच्या एकेका पेशीत एक-एक झाड होतं. बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या. बुरशीचं. फॉर्मॅलिन घातलेल्या वाफ्यातलं मूळ असंच बघायला मिळालं असतं तर रिकामं दिसलं असतं, हे मला तिथंच कळलं.

तुला बोलावलं. तू इरकल नेसून आलीस आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं तर त्याला म्हणालीस, "माझी भन हाय हितं, तिला इचार, मग मला अडीव." स्टुलावर बसून एक डोळा मिटून तू किती वेळ बघत होतीस. मग मी तुला सांगत बसले. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली शिकवणी तीच असेल. बुरशीला स्वतःचं अन्न करता येत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या जिवावर जगते. पण तऱ्हा वेगवेगळ्या. द्राक्षावरची भुरी पानावर पसरते, आत बारीक नळी घालून रस पिते, पण पान मरू देत नाही. पान मेलं तर तीही मेली. करपा आधी विष सोडून पान मारतो आणि मग मढं खातो.

"मंजी भुरी घरजावई," तू म्हणालीस, "आन करपा दरवडेखोर."

मी हसले. "आणि हे मुळातलं?"

"हे काय करतं?"

"हेही झाडाची साखर खातं. पण याचे धागे मुळांच्या पलीकडं लांब मातीत जातात आणि तिथलं स्फुरद आणून झाडाला देतात. झाडाच्या मुळाला एकट्याला तेवढं मिळत नाही."

"आन हे पेशीतलं झाड असंच ऱ्हातं?"

"आठ-पंधरा दिवस. मग विरघळतं. मग दुसरं येतं."

तू पुन्हा डोळा लावलास. "वाटेकरी हाय त्यो," तू म्हणालीस. "रान झाडाचं, राबनार ह्यो, पीक दोघांत. आन करार सारखा नवा." मग डोळा न काढताच, "सासूबाईंनी हे बघाय पायजे हुतं."

मी तेव्हा काय करत होते सांगू? वहीत लिहीत होते. वाटेकरी. शब्द झकास होता.

एका शेतीविषयक मासिकात माझा लेख आला. मथळा, "मुळांचे वाटेकरी". सोबत माझा फोटो, डोळ्याला सूक्ष्मदर्शक लावलेला. लेख चांगला होता, आजही चांगला आहे. घरजावई होता, दरवडेखोर होता, विरजणाची सगळी रीत होती, वीतभर खोली, ओलं गोणपाट, जितं झाड. आणि एक ओळ होती: "काही ठिकाणी शेतकरी परंपरेने अशी माती वापरतात असे आढळून आले आहे." कुणाला आढळलं? कुठं? मला आमच्याच परसात आढळलं होतं, वयाच्या तेराव्या वर्षापासून. पण तसं लिहिलं असतं तर मग बोटभर रोपांचंही लिहावं लागलं असतं, पाण्याकडं ध्यान न दिलेल्या हौसाचंही. एक खरं सांगितलं की दुसरं येतंच. म्हणून "आढळून आले" लिहिलं.

पेढे घेऊन मी हडपसरला आले. आपला भाचा म्हणजे भावाचा संतोष तेव्हा शाळेत होता, त्यानं तुला तो लेख मोठ्यानं वाचून दाखवला. तू निवडत असलेलं बी बाजूला ठेवून, हात मांडीवर ठेवून ऐकलंस.

"बरं लिवलंय," तू म्हणालीस. मग बी पुन्हा पुढं ओढत, "सासूबाईंचं नाव न्हाई त्यात."

तुझं नाव नाही, असं तू म्हणाली नाहीस. त्याची तयारी मी बसमध्ये करून आले होते. हे मला अपेक्षित नव्हतं, आणि म्हणून मी चिडले. "असल्या लेखात नावं नसतात, अक्का."

"तुजं हाय की. फोटूसकट."

"मी लिहिलंय म्हणून."

"व्हय. लिवलंय तू. ते खरं हाय." तू पेढ्यांचा पुडा उचललास आणि कामावरच्या बायांना वाटायला गेलीस. स्वतः घेतला का नाही, मी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी मी आले तर तू वाफ्यातनं ओरडलीस, "या मॅडम!" बाया हसल्या. मीही हसले. मला वाटलं, चेष्टा आहे, महिनाभर चालेल. अक्का, ती तू मरेपर्यंत चालवलीस. शैले म्हणून पुन्हा कधी हाक मारली नाहीस. संतोषच्या लग्नात, आबा गेले तेव्हा, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी डबा घेऊन आलीस तेव्हा, मॅडम. "मॅडम, जेवून घ्या. मॅडम, डोळ्याला पानी लावू नगा." आपल्या घरात धाकट्या बहिणीला कुणी अहो-जाहो केलं आहे का?

मला याचा राग आहे आणि तो तुझ्याबरोबर जळलेला नाही. शेणखताच्या ट्रॉलीवाल्याशी तू तासभर भांडायचीस. बसच्या कंडक्टरला तू भर गर्दीत खाली उतरायला लावलं होतंस, रोपांची पाटी त्यानं पायानं सरकवली म्हणून. वाईट खुंट विकणाऱ्या शेजाऱ्याला तू तोंडावर चोर म्हणालीस. मग माझ्याशीच का नाही भांडलीस? मला चोर म्हणाली असतीस तर मी उलट बोलले असते, रडले असते, दोन वर्षं आले नसते आणि मग कधीतरी आले असते. तू मला तो रस्ताच दिला नाहीस. मॅडम म्हणून बाहेर ओट्यावर बसवून ठेवलंस. लोक तुला सोशिक म्हणतात. परवाही म्हणाले. सोशिक कसली, तू महा दीर्घद्वेषी होतीस आणि ते मला एकटीलाच माहीत आहे.

आणि तरी तू माती दिलीस. केंद्रातल्या प्रयोगांना दर हंगामाला घमेलं भरून, ओल्या गोणपाटाखाली, वेळच्या वेळी. आम्ही ती वाळवून पुड्या करायला लागलो तेव्हा एवढंच म्हणालीस, "उनात वाळीवली मंजी काय ऱ्हानार त्यात?" मी सांगितलं, बीजाणू झोपेत राहतात. "निजलेला वाटेकरी काय कामाचा, मॅडम?" पुड्या नेलेले निम्मे लोक परत येऊन म्हणाले, फरक नाही. मी त्यांना म्हणाले, तुमची वापरण्यात चूक आहे.

आपला शेवटचा वाद अर्धाच राहिला. मी तुला सांगत होते की जमीन खतानं भरलेली असली की झाडाला या बुरशीची गरज उरत नाही. ती मात्र साखर घेतच राहते. मग तीच बुरशी झाडाला ओझं होते, आणि झाडही तिला मुळात फार शिरू देत नाही. हे पुराव्यानं सिद्ध झालेलं आहे.

"मंजी पोट भरलं की वाटेकरी परका."

"साधारण तसंच."

"आन फुडल्या साली खत न्हाई मिळालं तर?"

"झाड पुढच्या सालाचा विचार करत नाही, अक्का."

"झाड न्हाई करत," तू म्हणालीस. "त्याला कुटं डोस्कं हाय. तुमाला हाय की, मॅडम." आणि उठून पाण्याची मोटार बंद करायला गेलीस. परत आलीस तेव्हा विषय भेंडीवर गेला होता.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज येत होते. तू डोळे न उघडता विचारायचीस, "मॅडम आल्या का?" संतोष म्हणायचा, "आत्या आलीय, अक्का." गुरुवारी तो खाली जेवायला गेला होता. आपण दोघीच होतो. मी म्हणाले, "अक्का, मला काही बोलायचंय."

तू डोळे उघडलेस. "बोल की."

बोल म्हणालीस. बोला नाही. मी ते ऐकलं आणि स्टूल तुझ्या उशाशी ओढलं. तेवढ्यात सलाईन बघायला सिस्टर आल्या. त्या गेल्यावर मी विचारलं, "गोळी घेतलीस का?"

"घितली," तू म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस.

आता सगळ्यांसमोर लिहिते, कारण एकांतात मला जमलं नाही. विरजण-मातीचा शोध मी लावलेला नाही. ती रीत हौसाअक्काची, तिला ती तिच्या सासूनं दिली. मी फक्त ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. वाटेकरी हा शब्दही अक्काचा. त्या वर्षीची रोपं पाण्यावाचून खुरटली नव्हती, माझ्या फॉर्मॅलिननं खुरटली होती, आणि मला ते माहीत असताना मी आबांना खोटं बोलू दिलं. मी शिकलेली आहे याचा मला अभिमान आहे. पण शिकलेल्या माणसानं हे पन्नास वर्षं पोटात ठेवलं, आणि जिला सासूनं हाकलून दिलं ती तू मात्र दर मुठीला त्या बाईचा हक्क मोजून दिलास. माझ्यापेक्षा तुझं शिक्षण जास्त झालं, असलं गोड वाक्य मी लिहिणार नाही. तुला ते आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, "ऱ्हाऊ द्या, मॅडम."

काल हे लिहून होत आलं होतं आणि सासवडकडच्या एका नर्सरीवाल्यांचा फोन आला. "मॅडम, तुमची ती विरजणाची माती, ती अंजिराच्या रोपांना चालंल का?"

मी म्हणाले, "माझी नाही ती. हौसाबाईंची."

"त्या कोण?"

"माझी मोठी बहीण. तिनं शोधून... तिला तिच्या सासूनं शिकवली."

"बरं बरं. मग त्यांचा नंबर द्या की."

"ती गेली. पंधरा दिवस झाले."

"अरारा." फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता, गृहस्थ मळ्यात उभे असावेत. "मग आता तुम्हीच सांगा, मॅडम."

मी सांगितलं. वीतभर खालची, तंतुमुळांसकट, जित्या झाडाखालची, वाळवायची नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं, दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "आमचा नर्सरीवाल्यांचा ग्रुप हाय व्हॉट्सॅपला, अडीचशे जण हायेत. टाकू का?"

"टाका."

"खाली नाव कुणाचं टाकू?"

"हौसाबाईंचं टाका." मी आडनावासकट सांगितलं, त्यांनी अक्षर अक्षर लावून घेतलं.

"आन त्यांच्या सासूबाईंचं? शिकवलं त्यांनी म्हनताय, तर त्यांचं बी टाकतो की."

अक्का, मला तुझ्या सासूचं नाव माहीत नाही. तू कधी घेतलं नाहीस, सासूबाईच म्हणत राहिलीस. आणि त्या दिवशी तू म्हणालीस, सासूबाईंचं नाव नाही त्यात, तेव्हा, काय गं होतं त्यांचं नाव, एवढं विचारायला मला किती वेळ लागला असता? मागाहून मी संतोषला फोन केला, त्याला माहीत नाही. आबा नाहीत, भाऊ नाही, तू नाहीस. तुझ्या सासरच्या गावाचं नाव तेवढं आठवतंय, आणि तिथं मोसंबी अजून आहे की नाही देव जाणे.

मी त्या गृहस्थांना म्हणाले, "थोडं थांबा, विचारून सांगते."

"चालंल की," ते म्हणाले. "तवर टाकत न्हाई."

ते थांबलेत, अक्का.